काच खोटं बोलली तर

आधी कावळे उडाले. मग वारा नसताना चिंचेची पानं सळसळली, आणि जमिनीच्या पोटातून तो आवाज आला – लांबून रिकामा ट्रक खडीवरून यावा तसा. चिंचेखाली बाराच्या पाढ्यात रंगलेला चौथीचा वर्ग पाढा तिथंच टाकून सुलाबाईंच्या पातळाला येऊन चिकटला.

सुलाही घाबरली होती. पण बाईंनी घाबरायचं नसतं. तिनं दोन्ही हात पसरले, मावतील तेवढी डोकी कवेत घेतली आणि डोळे मिटले.

धक्का छोटाच होता. चूळ भरायला लागावा तेवढा वेळ. पण तेवढ्यात पाणंदीतून येणारी एक सायकल बांधावरून घसरली आणि तिच्यावरचा तरुण हरभऱ्याच्या वाफ्यात आडवा झाला. पडताना त्यानं सायकल सोडली, चपला सोडल्या. गोणपाटात गुंडाळलेलं एक पुडकं तेवढं दोन्ही हातांनी उंच धरून ठेवलं.

"फुटलं का हो काही?" सुलानं तिथूनच विचारलं.

"काच शाबूत आहे," तो पडल्या पडल्या म्हणाला. "माझं नंतर बघू."

एरवी मुलं खिदळली असती. त्या दिवशी एकही हसलं नाही. डिसेंबर संपत आला होता. कोयनेच्या भूकंपानंतर सातारा काय, सांगली काय, माणसं थंडीत कुडकुडत अंगणात झोपत होती. मांडणीवरची कपबशी किणकिणली तरी बाया पोरांना उचलून बाहेर धावत. कोरेगावजवळच्या त्या लहानशा वाडीतल्या मुलांचं हसू भूकंपाच्या पहाटेच कुठंतरी हरवलं होतं.

तो तरुण अंगावरची माती झटकत आला. रडणाऱ्या मुलांना त्यानं 'रडू नका' म्हटलं नाही. समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मी एका अडचणीत आहे. सोडवता का?"

रडणं जरा कमी झालं.

"एक धनगर होता. त्याची मेंढरं नदीच्या या काठाला, चारा त्या काठाला. नदीवर पूल नाही. होडी नाही. पोहायला कुणाला येत नाही. तरी दिवस मावळायच्या आत सगळी मेंढरं पलीकडं, आणि एकाचाही खूर भिजला नाही. कशी गेली?"

"खांद्यावरनं नेली!"

"मग धनगर भिजेल, बुडेलसुद्धा."

"झाडावरनं, ह्या काठाच्या फांदीवरनं त्या काठाला!"

"मेंढरू झाडावर चढतं व्हय रं?" एका मुलीनं त्याला झापलं, आणि कुणीतरी फिसकन हसलं. कितीतरी दिवसांनी.

सुला सुटलेला पदर खोचत होती. ती सहज म्हणाली, "त्यात कोडं काय आहे? चालत गेली."

"चालत? आणि पाणी?"

"नदीत पाणी होतं, असं कोण म्हणालं?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "अहो बाई, साताऱ्यात, कराडात, आमच्या साहेबांना, सगळ्यांना हे कोडं घातलं मी. सगळे डोकं खाजवत बसले. तुम्ही तर विचारसुद्धा केला नाही!"

"विचार कशाला करायचा? मी जतकडची. आमच्याकडं नदी म्हणजे वाळू. पाणी आलं तर माणसं बघायला जातात."

"मी सांगलीचा," तो म्हणाला. "आमच्याकडं नदीच घरात येऊन माणसांना बघून जाते."

आता मात्र मुलं हसली. आणि सुलाला कळायच्या आत तीही.

"बघा," तो मुलांकडे वळला, "पूल नाही हे मी सांगितलं. होडी नाही हे सांगितलं. पाणी आहे असं कुठं सांगितलं? ते तुम्हीच मनानं ओतलंत, आणि त्यातच बुडालात. म्हणून कोडं आलं की आधी विचारायचं – असं कोण म्हणालं?"

"असं कोण म्हणालं?" मुलं ओरडली. चिंचेवर परत येऊन बसलेले कावळे पुन्हा उडाले.

त्याचं नाव आकाराम. बांधकाम खात्याचा ओव्हरसिअर. भूकंपानंतर तो गावोगावच्या शाळा, चावड्या, दवाखाने तपासत हिंडत होता. शाळेच्या मागच्या भिंतीला कोपऱ्यात चीर गेली होती, जोत्यापासून वर खिडकीपर्यंत. ती बघायलाच तो आला होता.

गोणपाटातून त्यानं काचेची पट्टी काढली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. जोत्यावर हातभर उंचीला, चिरेच्या आडवी धरून त्यानं तिची दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांत पक्की बसवली. मुलं भोवती कोंडाळं करून बघत होती.

"भिंत केसभर जरी सरकली तरी ही काच तडकणार," त्यानं समजावलं. "नाही तडकली तर भिंत मुकाट उभी आहे, आणि तुम्ही खुशाल आत बसा."

मग त्यानं चिरेच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोकले आणि बांबूची एक कामटी तासून तासून त्यांच्यामध्ये अगदी दाटून बसेल अशी केली.

"आता हे कशाला?" सुलानं विचारलं.

"काच खोटं बोलली तर साक्षीदार नको का?" कामटी काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली. "भिंत सरकली तर ही खिळ्यांत ढिली पडेल. ठेवा तुमच्यापाशी. हरवू नका."

कामटी त्याच्या हातानं ऊबदार झाली होती. सुलानं ती खडूच्या पेटीत टाकायला म्हणून हात पुढं केला, आणि… पदराच्या गाठीत बांधली.

"चला, आतून दाखवा," आकाराम म्हणाला.

दारापर्यंत सुला झपझप आली. उंबऱ्याशी तिचा पाय थबकला. "तुम्ही व्हा पुढं."

"शाळा तुमची, बाई. मी पाहुणा."

"व्हा ना पुढं…" तिचा आवाज इतका बारीक झाला की तो मुकाट्यानं पुढं झाला. तो बाहेर येईपर्यंत सुलानं चौकट धरून ठेवली होती. घट्ट. जणू तिनं सोडली तर छप्परच खाली येईल.

त्याला कारण होतं.

भूकंप झाला त्याच दिवशी सुलाची सुपारी फुटायची होती. विट्याकडचं स्थळ. मामीनं आदल्या दिवशी अंगण सारवलं होतं, पाहुण्यांसाठी गहू दळून आणले होते. पहाटे धरणी हालली, आणि नवऱ्या मुलाच्या घरची भिंत पडून त्याच्या आईचा पाय मोडला. पाहुणे आले नाहीत, निरोप आला – "पोरीनं अजून माप ओलांडलं न्हाई, तवर घर पडलं. ओलांडल्यावर काय हुईल?"

सुलाचे वडील धुळा बारा महिने मेंढरांमागं रानोमाळ. शिकायचं म्हणून सुला लहानपणापासून वाडीत मामाकडं राहिलेली. धोंडुबाई मामी मनानं वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. दूध नासलं – "सुले, तू बघितलंस व्हय?" गाय आटली – "सुले, तू आज गोठ्यात गेलतीस?" हसत हसतच म्हणायची. पण एखादी गोष्ट रोज कानावर पडली की आधी कानात राहते, मग मनात जाते, आणि मग पायांत उतरते. सुलाच्या ती पायांत उतरली. कुठल्याही घराचा उंबरा आधी आपण ओलांडायचा नाही. कुणातरी दुसऱ्याला पुढं घालायचं. वर्गात, देवळात, सोयऱ्याधायऱ्यांकडं… सगळीकडं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आकारामच्या आलं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो यायचा. दर आठवड्याला. आधी काच बघायचा, मग मुलांत बसायचा. पाणंदीत सायकलची घंटी वाजली की चौथीचा वर्ग पुस्तकं मिटायचा, आणि बाई रागावल्यासारखं करायच्या.

"आज बाजार न्हाई, सण न्हाई, आन् धुतल्यालं पातळ?" मामी चुलीपुढून विचारायची. "भिंतीला दाखवायचं हाय व्हय?"

"मामी, काहीतरीच तुमचं!"

"मी कुठं काय म्हनलं? भिंतच म्हनलं."

एकदा आकारामनं कोडं घातलं – "अवसेचा दिवस. घरात दिवा नाही, चूल विझलेली. तरी एक आजी पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवते. कशी?"

मुलांनी आजीला चष्मा दिला, काजवे दिले, मांजराचे डोळे दिले. शेवटी सुलानं खडू खाली ठेवला. "दुपारी ओवला. अवस म्हटलं की तुम्ही लगेच रात्र का धरता?"

"बाई, तुम्हाला कोड्यांची भीती वाटत नाही," तो हळूच म्हणाला. "मग दाराची का वाटते?"

सुला चमकली. चिंचेला टेकवलेल्या फळ्याकडं तोंड करून पुसलेलाच फळा पुसत राहिली.

"नका सांगू," तो म्हणाला. "पण मी रोज पडक्या घरांत जातो, बाई. दारात कोण थबकलंय ते मला लगेच दिसतं."

रोज पडक्या घरांत जातो… ते शब्द त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या कानांत फिरत राहिले. ज्याच्या घरी नुसतं नाव गेलं, त्याची भिंत पडली. आणि हा तर दिवसभर तडकलेल्या भिंतींखालीच वावरतो! त्याचं नाव मनात आणायचं नाही. त्याची वाट बघायची नाही. तिनं ठरवलं, आणि भाकरी करपली.

पण ठरवलेलं पाळणं कठीण. पुढच्या वेळी तिनंच त्याला कोडं घातलं.

"माझ्या वडिलांचं घर. भूकंप थेट त्याच्याखालून गेला. एक चिरासुद्धा ढळला नाही, एक भिंत पडली नाही. आणि घर काही पक्कं नाही. कसं?"

"दगडी असेल."

"म्हटलं ना, पक्कं नाही."

"कुडाचं? झोपडी?"

"कूड म्हणजे भिंतच की, ओव्हरसिअर!"

उत्तर न मिळताच तो साताऱ्याला गेला. आठवड्यानं आला तो सायकल उभी करायच्या आधीच म्हणाला, "तंबू!"

"तंबूला कनात असते."

"मग हरलो. सगळा आठवडा झोप नाही."

"इमारतींचा माणूस ना तुम्ही," सुला गालात हसली. "घर म्हटलं की आधी भिंत उभी करता. माझे वडील मेंढरं राखतात. घोंगडं अंथरलं की घर, उचललं की वाट. भिंतच नाही तर पडेल काय?"

आकाराम हसला नाही. चिंचेच्या बुंध्याला टेकून म्हणाला, "माझा आज्जा असाच होता. आटपाडीकडचा. एका दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा सांगलीत हळदीच्या पेठेत पोती उचलायला आला. आम्ही भिंतींच्या आत राहायला लागलो, आणि हे उत्तर विसरलो."

वाफ्यातल्या हरभऱ्याला घाटे धरले होते. मुलं ते चोरून खात होती, आणि बाईंना दिसत नव्हतं.

"सुलाबाई," जाताना तो म्हणाला. इतके दिवस तो नुसतं 'बाई' म्हणायचा. "संक्रांत झाली की पुढची फेरी शेवटची. काच शाबूत असली तर मुलं वर्गात बसतील. मला पाटणकडं पाठवणार आहेत. तिकडं फार पडझड आहे."

"म्हणजे परत…"

"काच फुटली तरच येईन."

दोघांनीही काचेकडं बघितलं. उन्हात ती लखलखत होती. अगदी शाबूत.

संक्रांत झाली. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी सुला परसात हरभऱ्याची भाजी खुडत होती. कुठंतरी गुऱ्हाळ लागलं होतं, गुळाचा वास हवेत होता. उद्या तो येईल, काच बघेल, 'ठीक आहे' म्हणेल… आणि जाईल. तिच्या मनात आलं – फुटू दे ती काच.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढंच आलं. लगेच तिनं जीभ चावली. वर्गातली सगळी मुलं डोळ्यांपुढं उभी राहिली. काच फुटणं म्हणजे भिंत सरकणं. "नको, नको," ती मोठ्यानं म्हणाली. पण मनात आलेलं मागं कसं घ्यायचं?

सकाळी ती शाळेच्या वळणावर पोचली तर मुलं समोरून पळत येत होती. "बाई, काच फुटली! बाई, भिंत चालली!"

काचेचे तुकडे जोत्यावर विखुरले होते.

हेडमास्तरांनी मुलांना चिंचेपासूनही लांब, पार पाणंदीच्या कडेला नेऊन बसवलं. सुला पाढे घेत होती, पण मधलेच आकडे गाळत होती. रात्री एकही धक्का बसला नव्हता. एकही नाही. मग भिंत कशी हालली? तिला उत्तर माहीत होतं. मामी खरंच बोलत होती. विट्याच्या घरी नुसतं नाव गेलं होतं; इथं तर तिनं स्वतः, तोंडानं नाही पण मनानं, मागून घेतलं होतं. एखादं मूल त्या भिंतीशी खेळत असतं तर? तो स्वतः खाली बसून बघत असता तर? आजच निघायचं. जतला, वडिलांच्या रानात. जिथं भिंत नाही तिथं.

पण त्याला आधी सांगायला हवं होतं.

उन्हं वर आल्यावर सायकलची घंटी वाजली. सुला पाणंदीत आडवी उभी राहिली. "पुढं जाऊ नका."

"काय झालं?"

"काच फुटली. तुम्ही परत फिरा. भिंतीजवळ जाऊ नका. माझ्याजवळसुद्धा…" आणि तिचा बांध फुटला. विट्याची सुपारी, मोडलेला पाय, नासलेलं दूध, उंबरे… सगळं तिनं एका दमात सांगितलं. "आणि काल मी… मीच म्हटलं होतं, फुटू दे."

आकाराम हँडल धरून उभा होता. "का म्हटलं होतं?"

सुलानं मान खाली घातली. आपण काय बोलून गेलो ते तिला आत्ता कळलं. कानांपर्यंत तापलेला चेहरा तिनं पदरात लपवला. तोही सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसायला लागला… धूळ नव्हतीच.

"हे आपण कोडं म्हणून बघू," शेवटी तो म्हणाला. त्याचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. "काच फुटली. सगळे म्हणतात, भिंत हालली. पुढचं तुम्ही बोला. मुलांना काय शिकवलंय आपण?"

सुलानं डोळे पुसले. ती पुटपुटली, "भिंत हालली… असं कोण म्हणालं?"

"काच म्हणाली."

"आणि काच खोटं बोलली तर…" तिचा हात आपोआप पदराच्या गाठीकडं गेला. कामटी तिथंच होती. सकाळपासून तिच्याच कमरेला होती, आणि भीतीच्या पोटी तिला आठवलीसुद्धा नव्हती.

"मी मोजतो," तो पुढं झाला.

"नाही. मी."

भिंतीपर्यंतची वाट तिला कधी नव्हे एवढी लांब वाटली. ती खाली बसली. तिनं कामटी खिळ्यांमध्ये धरली आणि दाबली. कामटी टच्चकन बसली. पहिल्या दिवशी बसली होती तशी. तिनं हलवून बघितली. हलेना.

"भिंत हालली नाही," ती कुजबुजली. "अहो, भिंत हालली नाही!"

"मग काच कुणी फोडली?"

आता भीतीपेक्षा तिचं कुतूहल पुढं धावलं. ती सिमेंटच्या गोळ्यावर वाकली. खडबडीत कडेला काहीतरी अडकलं होतं. तिनं चिमटीत धरून ओढलं. लोकरीचा पुंजका. टोकाला लाल रंग.

सुला एकदम मागं सरली, आणि मग रडावं की हसावं ते न कळून तिनं दोन्ही केलं.

धनगर आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून अंगावर हुरमुंजीचा लाल पट्टा ओढतात. कुणी पाठीवर, कुणी शेपटीशी. पुंजका खांद्याच्या उंचीला अडकला होता, आणि खांद्यावर पट्टा ओढणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता.

"आक्के!" ओढ्याकडून हाक आली. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, पुढं मेंढरांचा लोंढा. "आगं, काल दिस मावळताना आलो, पाटलाच्या रानात मेंढरं बसवलीत, लेंड्यांच्या खताला. म्हनलं, पोरीला सकाळी भेटू, तर एक मेंढी व्याया लागली. काय गं, रडतीयास व्हय?"

"आबा, तुमचा मेंढा काल इथं आला होता?"

"ढवळ्या? व्हय की. लय खाज त्येला. ह्या भिंतीला आंग घासत हुता, मी हाकलला." धुळानं जोत्यावरचे तुकडे बघितले. "का? कुनाचा आरसा फोडला काय त्येनं?"

आकाराम तोंडावर हात धरून हसत होता. काच ओढ्याकाठच्या खताच्या रानाला तोंड करून, बरोबर मेंढराच्या खांद्याच्या उंचीला लावणारा शहाणा तोच होता.

सुलानं वडिलांचा हात धरला. "आबा, मामी म्हणते माझा पायगुण वाईट. सुपारीच्या दिवशीच धरणी हालली."

धुळानं काठी टेकवली. त्याला बोलायला वेळ लागायचा. माणसांपेक्षा मेंढरांशी बोलायची सवय जास्त. "त्या पहाटं मी पुसेसावळीच्या माळाला हुतो. धरणी हालली, आन् त्याच घडीला माझ्या काळ्या मेंढीला जुळी झाली. दोन्ही पाटी, मादी कोकरं. मग ती बी तुझ्याच पायगुनानं म्हनायची का?"

सुलानं लोकरीचा पुंजका मुठीत मिटला.

"दुसऱ्याचं पडलं ते तुझ्या नावावर, मग माझं वाडलं ते बी तुझ्याच नावावर मांड म्हनावं धोंडुबाईला." मग त्याची नजर आकारामवर स्थिरावली. "आन् हे कोन? काचवालं?"

"मी आकाराम. सांगलीचा. मूळचे आम्ही आटपाडीकडचे… मेंढरं होती आज्जाची."

"मंजी आपलंच की," धुळा म्हणाला, लेकीच्या तोंडाकडं एकदा बघितलं, आणि अचानक त्याला मेंढरं फार लांब गेल्यासारखं वाटलं. "हुर्र, हुर्र," करत तो ओढ्याकडं निघून गेला.

हेडमास्तर मुलांना घेऊन दारापाशी आले होते. भिंत धड आहे हे त्यांना कळलं होतं, पण आत पहिला पाय टाकायला कुणी धजत नव्हतं. चौथीचा अख्खा वर्ग उंबऱ्याबाहेर खोळंबला होता, आणि सगळे बाईंकडं बघत होते.

आकाराम पुढं झाला नाही. मुद्दाम नाही.

सुलाच्या पायांत अजून ती जुनी गोष्ट होती. तिनं कामटी मुठीत धरली, उजवा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत टाकला.

आणि कावळे उडाले.

तोच आवाज. जमिनीच्या पोटातून. कौलं खुळखुळली, वरून मातीची धार सुटली. मुलं किंचाळत मागं पळाली. "सुलाबाई!" आकाराम ओरडला.

सुला पळाली नाही. धैर्य म्हणून नव्हे. तिला फक्त बघायचं होतं. एकदाच, डोळे उघडे ठेवून. तिनं चौकटीला पाठ लावली आणि चिरेकडं नजर रोखली. चीर होती तिथंच होती. खुळखुळ मंद झाली. थांबली. मातीची धार आटली. भिंत उभी होती.

आकाराम धावत उंबऱ्याशी आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक.

"हा माझ्यामुळं आला नाही," सुला म्हणाली. स्वतःलाच सांगत होती. "मी पाय टाकला आणि तो आला. पण माझ्यामुळं नाही."

"नाही," तो धापा टाकत म्हणाला.

बाहेर हेडमास्तर मुलांना गोळा करत होते. दारात दोघंच.

"शेवटचं कोडं," आकाराम हळूच म्हणाला. "भिंत ठीक आहे. काचेची गरज नाही. साहेबांनी काम पाटणला दिलंय. तरी पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस इथं येणार. कशासाठी?"

सुला खाली बघत होती. पायाच्या अंगठ्यानं सांडलेली माती सारत म्हणाली, "आजवर तो भिंतीसाठी येत होता… असं कोण म्हणालं?"

आकारामचे कान लाल झाले. "मग त्यानं… विचारावं का?"

"त्यानंच विचारायचं, असं तरी कोण म्हणालं?" तिनं मान वर केली. नजर हलली नाही. "कोरड्या नदीच्या गावची मुलगी… सांगलीच्या पुरात नांदेल?"

"पूर आला की आम्ही माळ्यावर चढतो," तो म्हणाला. "मी हात धरून चढवीन."

"मला भीती वाटेल."

"मला आत्तासुद्धा वाटतेय."

सुलानं बाहेर बघितलं. लांब उन्हात वडिलांचा लाल पटका हलत होता, मागं ढवळ्या. पुढं काय होईल ते तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. अजून किती दिवस धरणी थरथरत राहील तेही नाही.

"भीती वाटली म्हणजे काहीतरी होणारच," ती सावकाश म्हणाली, "असं कोण म्हणालं?"

त्यानं कामटीसाठी हात पुढं केला. सुलानं ती पुन्हा पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ दोनदा ओढून घट्ट केली.

"ही मिळायची नाही. तुमची काच फार खोटं बोलते."

मग ती वळून आत गेली, थेट भिंतीवरच्या फळ्यापर्यंत, आणि तिथून हाक मारली, "या रे सगळे! बाराचा पाढा अर्धाच राहिलाय."

मुलं एकेक करून आत आली. सगळ्यांत मागच्या रांगेत ओव्हरसिअर मांडी घालून बसला, मोठ्यानं पाढा म्हणायला लागला, आणि बारा सातेवर चुकला.